एक्केचाळिसाव्या पानावरचा शब्द

सकाळी साडेनऊला वरच्या वाचनकक्षातून कुणीतरी ओरडलं, तेव्हा चिकटताई ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, दुरुस्तीखोलीत पुस्तकं चिकटवायची खळ ढवळत होती.

त्या कक्षात ओरडायची रीत नव्हती. तिथे शिंक आली तर माणसं जिन्यात जाऊन शिंकत. ताईने पातेलं शेगडीवरून उतरवलं आणि ती वर धावली. वय बावन्न, गुडघे कुरकुरणारे. पण त्या कक्षात तिचा थोरला भाऊ बसायचा आणि ओरडणारा त्याचंच नाव घेत होता.

"दादांना विचारा! किल्ली त्यांच्याकडे असते!"

ओरडणारा होता टाचणी. खरं तर तो एक हुशार तरुण प्राध्यापक, पण दुसऱ्याच्या निबंधातली चूक अशी काही टोचून दाखवायचा की परिषदेच्या पहिल्याच दिवशी त्याला हे नाव चिकटलं. त्याच्यासमोर काचेची पेटी उघडी होती आणि पेटीशेजारी टेबलावर पोथी.

"चाळीसनंतर एकदम बेचाळीस," तो म्हणाला. "एक्केचाळिसावं पान नाही."

दादा बाजूला उभा होता. चेहरा पांढराफटक. पस्तीस वर्षं त्याने या कक्षाची राखण केली होती, महिनाअखेरीला निवृत्त व्हायचा होता, आणि आजवर त्याच्या हातून कागदाचा कपटा हरवला नव्हता.

आता ही पोथी म्हणजे काय, ते सांगायला हवं. सहाशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज कवीची एकच कविता उरली होती आणि तिची हस्तलिखित प्रतही जगात एकच. एका जुन्या घराण्याने ती तिजोरीत ठेवली होती, कुणाच्या दृष्टीस पडू दिली नव्हती. तीस वर्षांपूर्वी गुरुजींना त्यांनी काळीपांढरी छायाचित्रं तेवढी धाडली. गुरुजी म्हणजे या कवीचे सगळ्यात मोठे अभ्यासक. त्या छायाचित्रांवरून त्यांनी ग्रंथ छापला आणि एक्केचाळिसाव्या पानावरच्या एका शब्दाने त्यांचं नाव झालं. 'त्या हिवाळ्यात कैदेत मी बसून होतो.' कैदेत! म्हणजे कवी तुरुंगात होता. म्हणजे अख्खी कविता तुरुंगातली. तीस वर्षं त्या एका शब्दावर माणसांनी पदव्या मिळवल्या, नोकऱ्या मिळवल्या, जन्माची वैरं केली. या परिषदेचं नावही 'बंदिवान कवी आणि त्याचं जग' असंच होतं.

घराण्यातल्या नव्या पिढीने मन मोठं केलं आणि पोथी तीन दिवसांसाठी ग्रंथालयात आली. अट एकच, फोटो काढायचे नाहीत. आज तिसरा दिवस. संध्याकाळी पाचला समारोप आणि पोथी परत.

मोठे साहेब, म्हणजे ग्रंथालयाचे प्रमुख, धापा टाकत आले. "ताई, बघा जरा. कापलंय का?"

ताईने हात धुतले, पुसले, भिंग काढलं.

चिकटताई हे नाव खळीमुळे पडलं की स्वभावामुळे, यावर ग्रंथालयात दोन पक्ष होते. एखादी गोष्ट हातात घेतली की ती सोडत नसे, एवढं दोन्ही पक्षांना मान्य होतं.

"कापलेलं नाही," ती थोड्या वेळाने म्हणाली. "पानं दुमडून जोडीने शिवतात; या पानाचा जोडीदार फार पूर्वी हरवलाय, म्हणून हे शिवणीत नव्हतंच. पातळ कागदाची पट्टी आणि खळ, एवढ्यावर शेजारच्या पानाला धरून होतं. पट्टी ओली करून सोडवलंय. सावकाश. घाई केली असती तर पानाचं चामडं फाटलं असतं."

"म्हणजे खळीतलं कळणारा माणूस," साहेब म्हणाले.

ताईने भिंग खाली ठेवलं. आपण काय बोलून गेलो, ते तिच्या लक्षात आलं होतं. वाचनकक्षात येण्याआधी दादा चार वर्षं बांधणीखात्यात होता. खळ कशी शिजवायची, हे तिला त्यानेच शिकवलं होतं.

ती पुन्हा भिंगावर वाकली. पट्टीच्या उरलेल्या कडेला पांढऱ्या बारीक कण्या दिसत होत्या. खळ वाळली की तिची पापुद्र्यासारखी पट्टी होते, अशा कण्या होत नाहीत. एक-दोन कापसाचे तंतूही चिकटले होते. आणि बेचाळिसाव्या पानाच्या दर्शनी बाजूला, मधोमध एका शब्दाभोवती, बदामाएवढा मळकट डाग होता. तो शब्द कोणता, हे तिला कळलं नाही. तिला पान वाचता यायचं, त्या काळची अक्षरं नाहीत.

"काल दुपारी पेटी कोणासाठी उघडली होती?" साहेबांनी विचारलं.

"गुरुजींसाठी," दादा म्हणाला. "दोन ते चार. सोबत त्यांच्या पत्नी होत्या, मावशी. हे टाचणी... हे सर तीनपर्यंत समोर बसले होते."

"चारला पानं मोजलीत?"

"पेटीत ठेवून कुलूप लावलं."

"मोजलीत का?"

"नाही, साहेब."

झालं. साहेबांचा आवाज चढला. कुंपणानेच शेत खाल्लं, वगैरे. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक, पण त्यांनी दादाची पिशवी मागवली आणि खाली दालनात, शंभर पाहुण्यांच्या देखत, चहाच्या टेबलावर उलटी केली. चष्म्याचं घर, डबा, रुमाल, गुडघ्याचं मलम, नातीसाठी घेतलेले रंगीत खडू. खडू घरंगळत गेले. ते उचलायला दादा वाकला, तेव्हा कुणी मदतीला वाकलं नाही.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पाच वाजेपर्यंत पान मिळालं नाही," साहेब तिला बाजूला घेऊन म्हणाले, "तर मला पोलीस बोलवावे लागतील. निलंबनाचं पत्र टाइप करायला सांगितलंय. वाईट वाटतं, पण..."

"पाचला अजून सात तास आहेत," ताई म्हणाली. "तोवर पत्रावर सही करू नका."

*

तिने पहिल्यांदा भावालाच गाठलं. तो जिन्याखाली स्टुलावर बसला होता.

"दादा, खरं सांग. काल काय झालं?"

"सांगितलं की."

"अर्धं सांगितलंस. तू पानं मोजली नाहीस? तू? घरी भाकरी मोजून घेणारा माणूस?"

"विसरलो. म्हातारा झालो."

"दादा."

"तू यात पडू नकोस, छबू." त्याने तोंड फिरवलं. "तूही खळीतली. उद्या तुझ्यावर यायचं."

लहानपणापासून दादा खोटं बोलताना डावा कान चोळायचा. आता तो कान लालभडक झाला होता. ताईला रडूच आलं. चोरी त्याने केली नाही, याची तिला खात्री होती. पण काहीतरी तो लपवत होता आणि ते लपवण्यासाठी चोर म्हणवून घ्यायला तयार होता. पाणी कुठेतरी मुरत होतं.

टाचणी उपाहारगृहात एकटाच बसला होता. पुढ्यात गुरुजींचा जाडजूड ग्रंथ, समासात पेन्सिलीच्या खुणाच खुणा.

"तुमचा आज निबंध होता ना?" ताईने विचारलं.

"होता. 'कैदेत या शब्दाचा पुनर्विचार.' पान नाही तर कसला विचार आणि कसला पुनर्विचार?"

"त्या शब्दात काय खोट आहे?"

"ओळ लंगडते. बाकी कवितेत ठोके कसे मोजून पडतात आणि या एकाच ओळीत दोन ठोके जास्त. गुरुजींनी लिहिलंय की ती अडखळ म्हणजे बेडीचा आवाज." तो कडवट हसला. "माझं म्हणणं, तो शब्द कुणीतरी मागाहून घुसडलाय. शाई तपासायची होती. तुमच्या साहेबांनी आज सकाळची वेळ दिली होती."

"हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"कार्यक्रमपत्रिकेत छापलंय, बाई. सगळ्या जगाला."

"काल तुम्ही पान पाहिलंत?"

"उलटं. मी समोर बसलो होतो. मावशी पानं उलटत होत्या, वाचून दाखवत होत्या. त्या पानाशी आल्या आणि क्षणभर थांबल्या, मग ओळ वाचली. गुरुजींना गहिवरून आलं. मी तीनला निघालो. दुसऱ्याच्या गहिवरात बसून काय करायचं?"

"ते पान नाहीसं झालं तर कोणाचा फायदा?"

"माझा नक्कीच नाही," टाचणी म्हणाला. मग जरा वेळाने, खालच्या आवाजात, "तुमच्या दादांचं नाव मी सकाळी घाईत घेतलं. तसं म्हणायचं नव्हतं मला."

"म्हणून झालंय आता." ताईने ग्रंथाकडे बोट केलं. "यात त्या पानाचं छायाचित्र आहे?"

"मागच्या पुठ्ठ्याला खिसा आहे बघा. सगळी छायाचित्रं सुटी ठेवलीत, मूळ पानाच्या आकारात."

"थोडा वेळ नेऊ का?"

"न्या. समासातलं वाचू नका. फार शिव्या आहेत."

*

गुरुजी आणि मावशी पाहुण्यांच्या खोलीत होते. परिषदेत सगळेच त्यांना मावशी म्हणत. गुरुजींचे डोळे जवळजवळ गेले होते. मावशी कोपराला धरून त्यांना नेत, पायरी आली की "पायरी" म्हणत.

"तुम्ही पोलीस का?" गुरुजींनी विचारलं.

"नाही. मी पुस्तकं चिकटवते."

"मग बसा. पोलिसांपेक्षा उपयोगाच्या आहात."

"काल एक्केचाळिसावं पान तुम्ही हाताळलंत?"

"हात फिरवला नुसता, खालच्या कोपऱ्यावर. हिने हात धरून तिथे नेला. मग ओळ वाचली. 'त्या हिवाळ्यात कैदेत मी बसून होतो.' तीस वर्षं ज्या पानावर जगलो, त्याला पहिल्यांदा हात लागला, बाई. आणि रात्रीत चोरीला गेलं. माझं नशीब बघा."

"छायाचित्रंही मावशींनीच वाचली होती का?"

"तर! माझे डोळे तेव्हापासूनच अधू. ही भिंग घेऊन एकेक अक्षर वाचायची, मी लिहून घ्यायचो. ग्रंथावर नाव माझं, डोळे हिचे. प्रस्तावनेत लिहायला निघालो होतो, हिनेच लिहू दिलं नाही."

"पुरे आता," मावशी म्हणाल्या. "वर बघा. वेळ झाली."

त्यांनी पर्समधून छोटी बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि गुरुजींचा एकेक डोळा अलगद पुसला. हात अगदी स्थिर होता.

"औषध?" ताईने विचारलं.

"मिठाचं पाणी. दर दोन तासांनी लागतं, नाहीतर आग होते." मावशींनी बाटलीचं झाकण लावलं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या भावाला काही होणार नाही ना? ते भले गृहस्थ आहेत."

"पान मिळालं नाही तर पाच वाजता पोलीस येतील."

"पण पुरावा कुठे आहे? पुराव्याशिवाय कसं करतील? नाही होणार ना काही?"

हे त्यांनी दोनदा विचारलं. ताई उठली.

*

दुरुस्तीखोलीत खळ आळून दगड झाली होती. ताईने पातेलं बाजूला सारलं आणि कपाटातून आपलाच अहवाल काढला. पोथी आली त्या दिवशी तिने ती नखशिखांत तपासून लिहून ठेवली होती. कोणत्या पानावर काय, हे लिहायला वेळ मिळाला नव्हता, पण गोळाबेरीज होती. पानं ऐंशी. शिवण मजबूत. वाळवी नाही. चामड्यात मुळातलीच छिद्रं, सात.

चर्मपत्र म्हणजे जनावराचं कातडं. जिवंतपणी माशी चावलेली असली, ओरखडा असला, तर कातडं ताणताना तिथे भोक पडतं. जुने लेखनिक अशी पानं टाकून देत नसत. भोक आलं की थोडं टाळून पुढे लिहीत.

ताई वर गेली. साहेबांच्या समक्ष तिने पोथी उघडली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत छिद्रं मोजली. पुन्हा मोजली.

सहा.

मग तिने ग्रंथाच्या खिशातलं छायाचित्र काढलं, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि तो प्रसिद्ध शब्द जागच्या जागी गिरवून घेतला. पानाच्या चारी कडाही आखल्या. कागद उचलून पोथीत बेचाळिसाव्या पानावर ठेवला, कडेला कडा जुळवली.

तिने कडा पुन्हा एकदा जुळवून पाहिल्या.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, चार वाजता सगळ्यांना इथे बोलवा. गुरुजी, मावशी, टाचणी सर. आणि माझ्या भावाला बसायला खुर्ची द्या. सकाळपासून तो जिन्याखाली स्टुलावर बसलाय."

जाता जाता तिने दादाला गाठलं. आता ती विचारत नव्हती.

"काल गुरुजींच्या डोळ्यांसाठी तू बाटली आत नेऊ दिलीस. आत पाणी न्यायची बंदी, तरी."

दादाचा हात कानाकडे गेला आणि अर्ध्यावरच राहिला.

"आग होत होती गं त्यांना. म्हाताऱ्या माणसाला काय नाही म्हणू?" तो हळूच म्हणाला. "आणि पावणेचारला फारच चुरचुरायला लागलं. म्हणून मी त्यांना धरून बेसिनपर्यंत नेलं. पाच-सात मिनिटं. मावशी म्हणाल्या, तुम्ही न्या, मी पोथी मिटून ठेवते. परत आलो तेव्हा मिटलेली होती. मी तशीच ठेवली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा खुर्ची सोडली, छबू. कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

"चोर ठरलास तरी चाललं असतं, पण कामात कसूर केली म्हणायचं नव्हतं. होय ना?"

दादाने मान हलवली. ताईला त्याचा राग आला आणि भरूनही आलं.

*

चार वाजता सगळे वाचनकक्षात जमले. गुरुजींच्या शेजारी मावशी. पलीकडे टाचणी. साहेबांच्या हातात टाइप केलेलं पत्र.

"मी भाषण करणारी नाही," ताई म्हणाली. "मला जे दिसलं ते सांगते. पान ओल्या कापसाने सोडवलं. पट्टीवर कापसाचे तंतू आहेत आणि वाळलेल्या मिठाच्या कण्या. खळीचं काम करणारा माणूस साधं पाणी घेईल. मीठ कशाला घालेल?"

"मिठाचं पाणी?" साहेबांनी विचारलं. "इथे?"

"काल या टेबलावर एकच बाटली होती."

मावशी समोर बघत होत्या. गुरुजींनी मान वळवली. "माझी? माझ्या डोळ्यांची बाटली?"

"हो, गुरुजी."

"पण का? ते पान आमचा जीव की प्राण. आम्ही कशाला नेऊ?"

"मीही तिथेच अडले होते," ताई म्हणाली. "ज्याने-त्याने हेच म्हटलं असतं, की या पानाची सगळ्यात जास्त गरज तुम्हाला. पण काल पहिल्यांदा ते पान तुमच्या घरातल्या डोळ्यांनी प्रत्यक्ष पाहिलं. तोवर पाहिलं होतं ते छायाचित्र. दोन्हीत एक फरक होता. पोथी आली तेव्हा मी सात छिद्रं लिहिली होती. आज सहा आहेत. सातवं त्या पानावर होतं."

टाचणी खुर्चीवरून अर्धवट उठला.

"बसा," ताई म्हणाली. "पान सपाट ठेवून काळापांढरा फोटो काढला तर भोक भोकासारखं दिसत नाही. त्यातून मागचं पान दिसतं. मागच्या पानावर तिथे शब्द असला, तर तो याच पानावर लिहिल्यासारखा दिसतो." तिने ट्रेसिंग पेपर टाचणीपुढे सरकवला. "हा फोटोतला शब्द. आता बेचाळिसाव्या पानावर कडा जुळवून ठेवा. त्या शब्दाभोवती बदामाएवढा मळ आहे. शतकानुशतकं भोकातून धूळ फक्त तिथेच बसत गेली. मला ती लिपी येत नाही. तुम्ही वाचा."

टाचणीने कागद ठेवला. त्याचे ओठ हलले.

"कैदेत," तो म्हणाला. "'कैदेत असूनही पाखरू गातं.' बेचाळिसाव्या पानावरची अकरावी ओळ. अहो, ही आम्हाला पाठ आहे! ही ओळ आणि ती... एकच शब्द?"

"एकच."

ज्या क्षणाची त्याने कित्येक महिने वाट पाहिली असेल, तो आला होता. पण टाचणीने गुरुजींकडे पाहिलं आणि ट्रेसिंग पेपर हळूच मिटला.

"शब्द वाचताना चूक झाली," ताई म्हणाली. "कुणाचीही झाली असती. काल पान उलटलं तेव्हा मावशींना ते भोक दिसलं. त्या क्षणभर थांबल्या, हे या सरांनी पाहिलं. आज सकाळी सर तेच पान भिंगाखाली घेणार होते. सर गेल्यावर कापूस पट्टीवर ठेवला. पाऊण तासात खळ सुटली. माझा भाऊ गुरुजींना घेऊन बेसिनकडे गेला, त्याने हे मला आधीच सांगायला हवं होतं, तेव्हा पान निघालं."

"आणि गेलं कुठे?" साहेबांनी विचारलं. "बाहेर पडताना पर्स तपासली होती."

"बाहेर गेलंच नाही. काल टेबलावर आणखी काय होतं, दादा?"

"गुरुजींचा ग्रंथ," दादा म्हणाला. "आपल्या कक्षातली प्रत. पडताळून पाहायला घेतली होती. मीच नंतर कपाटात ठेवली."

ताईने कपाटातून ग्रंथ काढला. मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात हात घालून एकेक छायाचित्र टेबलावर ठेवत गेली. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. मग एक जाडसर, पिवळट पान आलं आणि ते उचलताच मधल्या बदामाएवढ्या भोकातून खिडकीचा उजेड दिसला.

दादा खुर्चीत मागे टेकला आणि त्याने डोळे मिटले.

"फाडून टाकता आलं असतं मला," मावशी म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, घरातल्यासारखा. "काल पान सुटलं तेव्हा म्हणत होते, फाडून टाकू. हात धजला नाही. पोथी परत गेल्यावर कधीतरी इथे येऊन घेऊन जाईन, असं ठरवलं होतं. पुढे काय ते माहीत नव्हतं." त्या दादाकडे वळल्या. "तुमची पिशवी उलटी केली तेव्हा मी जिन्यात उभी होते. खडू पडले ते मी पाहिलं. मला वाटलं, पुराव्याशिवाय सोडून देतील. तुमच्या जिवावर मी गप्प बसले. त्याला माफी नाही."

"अगं," गुरुजी म्हणाले. ते कुणीकडे बघताहेत ते कळत नव्हतं. "काल तू मला ओळ वाचून दाखवलीस."

"हो."

"त्या शब्दासकट."

"हो."

"भोक दिसत असताना."



गुरुजींनी टेबलावर हात ठेवला. "आता जशी आहे तशी वाच."

मावशींनी पान पुढे ओढलं. भोकाशी त्या थांबल्या नाहीत.

"'त्या हिवाळ्यात मी बसून होतो.'"

गुरुजींनी बोटाने टेबलावर ठोके मोजले. पुन्हा एकदा मोजले. ठोके बरोबर पडले.

"लंगडत नाही," ते म्हणाले. "तीस वर्षं मी त्या माणसाला उगीच बेडी घातली."

साहेब पुढे झाले. पान मिळालं, हीच मोठी गोष्ट, असं ते म्हणाले. घराण्यापर्यंत हे जायला नको. ताई आत्ता ते चिकटवून टाकतील. गुरुजींचा मान आहे, ग्रंथालयाची अब्रू आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. दादांचं पत्र मी फाडतो, त्यांनीही मन मोठं करावं.

"आणि ती पिशवी?" ताई म्हणाली. "ती शंभर माणसांसमोर उलटी केलीत, साहेब. ती मुठीत कशी झाकणार? पान सापडलं एवढंच सांगाल, तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याने घाबरून परत ठेवलं. महिनाअखेरीला तो या दारातून चोर म्हणून बाहेर पडेल."

"छबू, राहू दे," दादा म्हणाला.

"नाही राहू देणार!"

"त्या बरोबर बोलताहेत," गुरुजी म्हणाले. त्यांनी काठी चाचपली. "किती वाजले?"

"पाचला दहा कमी."

"मग चला. समारोपाचं भाषण माझंच आहे."

"अहो, तुम्ही नका," मावशी म्हणाल्या. "मी सांगते. केलं मी आहे."

"तू तुझं सांग. मी माझं सांगतो."

*

सभागृह भरलेलं होतं. दादा शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसला. त्याच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, सकाळपासून त्याच्या आजूबाजूला असंच होतं. ताई मुद्दाम एका खुर्चीत जाऊन बसली. थोड्या वेळाने टाचणी आला आणि दुसरीत बसला.

मावशींनी गुरुजींना मंचावर नेलं. "पायरी," त्या म्हणाल्या. "अजून एक."

गुरुजींनी कागद काढले नाहीत.

"एक्केचाळिसावं पान सापडलं आहे," ते म्हणाले. "ते या ग्रंथालयातल्या कुणी घेतलं नव्हतं. ते माझ्याच घरातल्या माणसाने घेतलं, माझं नाव राखण्यासाठी. त्या पानावर 'कैदेत' हा शब्द नाही. कधीच नव्हता. तिथे एक भोक आहे. तुमच्यापैकी ज्यांनी त्या शब्दावर पुस्तकं लिहिली, त्यांनी ती चूक माझ्या नावावर टाकावी. ओळ लंगडते असं एका तरुणाने सांगितलं होतं, तेव्हा मी त्याला हसलो होतो. तो बरोबर होता."

सभागृहात कुजबुज उठली, वाढली. गुरुजी ती विरायची वाट बघत राहिले.

"हे सगळं नंतर बोलू. आधी दुसरं. आज सकाळी एका गृहस्थांची पिशवी तुम्हा सगळ्यांसमोर उलटी केली गेली. काल माझे डोळे चुरचुरत होते म्हणून ते मला हाताला धरून बेसिनपर्यंत घेऊन गेले होते. त्यांची चूक एवढीच." त्यांनी मावशींकडे मान वळवली. "ते कुठे बसलेत?"

"मागे," मावशी म्हणाल्या. "दाराजवळ."

"मला त्यांच्याकडे तोंड करून उभं कर."

मावशींनी त्यांच्या कोपराला धरलं, थोडं डावीकडे वळवलं, जरा आणखी वळवलं. मग स्वतःही त्याच दिशेला तोंड करून त्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या.

"आता समोर आहेत," त्या म्हणाल्या.

आणि शंभर माणसांच्या देखत दोघांनी मान खाली घातली. दादा गडबडून उठायला लागला, "अहो, नको, नको," असं काहीतरी पुटपुटायला लागला, तेव्हा ताईने त्याची बाही धरून त्याला पुन्हा खुर्चीत बसवलं.

"बस," ती म्हणाली. "हे तुझं आहे. घे."